सायखेड्याचे अकरा नवखे घोडे

नाशिकला मी याआधी तीन वेळा गेले होते, आणि तिन्ही वेळा लग्नाला. त्यामुळे माझ्या लेखी नाशिक म्हणजे मंगल कार्यालय, जिलबी आणि परतीच्या गाडीची घाई. चौथ्या खेपेला मात्र बोलावणं आलं ते घोड्यांचं.

मी जनावरांची डॉक्टर. राहते मिरजेत. नोकरीतली आठ वर्षं पुण्याकडे शर्यतीच्या घोड्यांत गेली, बाकीची गाई-म्हशींत. फोन करणाऱ्या गृहस्थांना हे कुणीतरी सांगितलं होतं. त्यांनी स्वतःची ओळख ‘मी भाऊसाहेब, सायखेड्याचा, द्राक्षवाला’ एवढीच करून दिली. गोदावरीच्या काठाला त्यांच्या गावच्या शिवारात दरवर्षी पौषात घोड्यांची उडीची शर्यत होते. पंधरा किलोमीटरचा फेरा, वाटेत अठरा अडथळे. घोडे सगळे नवखे हवेत. आयुष्यात एकही शर्यत न धावलेला घोडाच इथं उतरू शकतो. आजवर घोडे तपासणारे डॉक्टर आता मुलाकडे परदेशी गेले होते. ‘तुम्ही घोडे बघायचे आणि कोणता कसा आहे ते सांगायचं,’ भाऊसाहेब म्हणाले. कुणाला सांगायचं हे मी विचारलं नाही. ते विचारायला हवं होतं.

शुक्रवार : नाशिकरोड ते सायखेडा

भाऊसाहेब स्वतः स्टेशनवर आले होते. साठीचे, उंच, कानटोपी घातलेले. गाडीत बसायच्या आधी त्यांनी मला मिसळ खायला घातली. आमच्याकडच्या मिसळीचा तांबडा कट आधी डोळ्यांतून पाणी काढतो, मग पोटात जातो. इथला रस्सा काळ्या मसाल्याचा. जिभेवर शांतपणे येतो आणि घशाखाली उतरल्यावर आपलं काम करतो. सोबत पापड, दही आणि पाव. मिरजेत परतल्यावर हे कबूल करणं धोक्याचं आहे, पण मी दुसऱ्यांदा रस्सा मागून घेतला.

दुपारी आम्ही शर्यतीची वाट पायी चाललो. घोडा पाहण्याआधी त्याला कुठून जायचंय ते पाहावं, हा माझा नियम. द्राक्षबागांच्या कडेनं, कापलेल्या मक्याच्या रानातून, गव्हाचे तुकडे टाळत ही वाट नदीपर्यंत उतरते आणि पुन्हा चढून गावाकडे येते. बागांत घडांना कागद गुंडाळले होते. अडथळे सगळे शिवारातलेच : कडब्याच्या पेंढ्यांची कमरेएवढी भिंत, बांबूचं कुंपण, दोन बांध, नदीकाठचा मातीचा उतार, आणि कालव्याची पाण्यानं भरलेली चारी. जमीन काळी होती, पण दगड वेचून घेतलेले. प्रत्येक उडीच्या पलीकडे, घोडा जिथं टेकणार तिथं, भुसभुशीत माती पसरलेली होती. ही माती कोण टाकतं, असं विचारल्यावर भाऊसाहेब म्हणाले, ज्याच्या शेतात उडी, त्याच्याकडे माती. गावात त्यावर कधी बैठकसुद्धा झालेली नाही म्हणे.

आमच्या भागात घोडागाड्यांच्या शर्यती डांबरी रस्त्यावर होतात. मागून मोटारसायकलींचा ताफा आणि आरडाओरडा. घोडा कशावर धावतोय याची काळजी फार थोड्यांना. मी त्या मातीत हात घालून पाहिला आणि मनातल्या मनात या गावाला नमस्कार केला.

चारीची रुंदी मोजताना मात्र माझा पाय घसरला आणि मी कमरेपर्यंत पाण्यात गेले. निफाड तालुक्यातली थंडी काय असते हे मला तेव्हा कळलं. भाऊसाहेबांच्या पत्नी मंगलाताईंनी काही न विचारता चुलीजवळ पाट टाकला, स्वतःचं लुगडं आणि लोकरीचा स्वेटर दिला, आणि बाजरीच्या भाकरीवर उडदाची आमटी ओतली. माझी बॅग उघडली तर दुसरी पँट घरीच राहिलेली. पुढचे दोन्ही दिवस मी घोडे तपासले ते नऊवारी लुगड्यात, खाली पळायचे बूट घालून. कुणी हसलं नाही. मंगलाताई तेवढ्या हसल्या, आणि त्यांना तो हक्क होता.

शनिवार : तपासणी

पहाटे बागांमधून धूर निघत होता. दवानं घड खराब होऊ नयेत म्हणून लोकांनी शेकोट्या पेटवल्या होत्या. त्या धुरातून घोडे यायला लागले. काही टेम्पोतून, काही चालत.

अकरा घोडे. प्रत्येकाला मी अर्धा-पाऊण तास दिला. आधी लांबून बघायचं : उभा कसा राहतो, वजन कोणत्या पायावर टाकतो, कान कुठं आहेत. मग हिरडी दाबून रंग किती लवकर परततो ते पाहायचं, छातीला नळी लावायची, चारही पाय वरून खाली हातानं चाचपायचे, खूर उचलून नाल बघायची. शेवटी सपाट जमिनीवर दुडक्या चालीनं जायला आणि यायला लावायचं. चालीत सगळं दिसतं. माणूस दुखणं लपवतो, घोड्याला ते जमत नाही.

नवख्या घोड्यांत एक गंमत असते. त्यांना शर्यत म्हणजे काय हे ठाऊकच नसतं. कडब्याच्या भिंतीकडे एक तांबडा घोडा असा पाहत होता की जणू त्याच्यासाठी जेवण मांडलंय. एकानं माझ्या लुगड्याचा पदर चघळला. पिंपळगावच्या एका देखण्या घोड्याच्या खुराला उभी चीर निघाली, त्याला मी तिथंच बाद केलं. मालकानं चीर वाकून पाहिली, मला खूर नीट करण्याचा उपाय विचारला आणि तरीही शर्यत बघायला थांबला.

सटाण्याकडून दगाजीआप्पा आले होते. पांढऱ्या मिशा, डोक्याला टापशी. त्यांचा घोडा भुऱ्या : मोठं डोकं, आखूड मान, रंग राखेसारखा. सौंदर्याच्या नावानं काही नाही. मी छातीला नळी लावली तेव्हा तो डोळे मिटून उभा राहिला.

‘हाऊ मना घोडा भलता गरीब शे,’ आप्पा म्हणाले. ‘माझा हा घोडा फार गरीब, म्हणजे शांत आहे,’ असा त्यांच्या अहिराणीचा अर्थ भाऊसाहेबांनी मला समजावला.

नवव्या क्रमांकावर येवल्याची घोडी आली, आणि मैदानातलं बोलणं थांबलं. पाखरी तिचं नाव. काळी, कपाळावर अंगठ्याएवढा पांढरा ठिपका, पाय लांब आणि सडसडीत. तिला धरून आले होते नामदेवनाना. वय सत्तरच्या पुढे. येवल्यात त्यांनी हयातभर टांगा हाकला होता. टांग्यांचे दिवस संपले, तरी घोडा सुटला नव्हता. घोडीवर बसणार होती त्यांची सून अर्चना. अठ्ठावीस-तीस वर्षांची, बारीक चणीची, फारसं न बोलणारी. ती घरी पैठणी विणते. नवरा मनमाडला रेल्वेत. लग्न होऊन आली तेव्हा तिनं घोड्याला हातसुद्धा लावला नव्हता. नाना पाखरीला फिरवायला न्यायचे तेव्हा ती मागून चालायची, आणि एक दिवस तिनंच विचारलं, मी बसू का. शेजारपाजारचे काही बोलले असतील, नानांनी कुणाचं ऐकलं नाही.

पाखरी दुडक्या चालीनं निघाली तेव्हा मी लिहायचं विसरले. पाय जमिनीला लागतात की नाही असं वाटावं अशी चाल. पण परत आल्यावर मी तिच्या पुढच्या डाव्या पायावरून हात फिरवला, आणि गुडघ्याखाली मागच्या बाजूला, जिला आम्ही कंडरा म्हणतो आणि घोडेवाले नस म्हणतात, तिच्यावर हात थबकला. सूज नव्हती. दाबल्यावर घोडीनं पाय ओढला नाही. फक्त ऊब होती. उजव्यापेक्षा एवढीशी जास्त.

मी तीन वेळा पाहिलं. मग नानांना सांगितलं.

त्यांनी स्वतः हात लावून पाहिला. ‘हाय,’ ते म्हणाले. ‘टेम्पोत उभी राहून आली, त्याचं आसंल. तुम्ही नाय म्हणाल तर नाय.’

मी म्हणाले, उद्या सकाळी पुन्हा बघू. दुपारभर अर्चना घोडीला नदीत उभी करून स्वतः गुडघाभर गार पाण्यात उभी राहिली. मी दोनदा काठावर जाऊन आले. दोन्ही वेळा ती घोडीच्या मानेवर हात टाकून उभी होती.

शनिवारची संध्याकाळ

कोणता घोडा कसा आहे ते ‘सांगायचं’ म्हणजे काय, हे मला संध्याकाळी कळलं. शाळेच्या पटांगणात सतरंज्या टाकल्या होत्या. चुरमुऱ्यांच्या भेळभत्त्यानं भरलेल्या पाट्या मधे ठेवल्या होत्या. घोडेमालक, बसणारे, गावकरी, सगळे गोल करून बसलेले. आणि मी उभं राहून एकेका घोड्याबद्दल माझं मत सर्वांसमक्ष सांगायचं होतं. गुण आणि दोष, दोन्ही. इथला रिवाजच तसा आहे.

आमच्याकडे मालकासमोर त्याच्या घोड्याला नाव ठेवलं तर पुढचे दोन महिने दुसऱ्या रस्त्यानं जावं लागतं. भाऊसाहेब हळूच म्हणाले, ‘मॅडम, गोड बोलू नका. त्यांना खरं ऐकायचंय.’

मग मी खरं बोलले. तांबडा घोडा ताकदवान आहे पण दहा किलोमीटरनंतर त्याचा दम पुरणार नाही. चांदोरीचा पांढरा उडीच्या आधी बुजतो, त्याला सुरुवातीला दुसऱ्याच्या मागे ठेवा. भुऱ्याबद्दल म्हणाले, हा शर्यत पूर्ण करील, पण जिंकणार नाही. अंग जड आहे, डोकं खाली ठेवून धावतो. दगाजीआप्पांनी मान हलवली आणि भत्त्याची मूठ तोंडात टाकली. प्रत्येक मालकानं ऐकून घेतलं, कुणी एखादा प्रश्न विचारला, कुणी ‘हे आमच्या ध्यानात नव्हतं’ म्हटलं. एवढा समंजसपणा मी शहाण्यासुरत्या डॉक्टरांच्या बैठकीतही पाहिलेला नाही.

पाखरीबद्दल मी सांगितलं की या अकरांत तिच्या तोडीचा घोडा नाही, आणि तिच्या डाव्या पायाचा मला भरवसा नाही. उद्या सकाळी ठरवीन.

रविवार : शर्यत

सकाळी पाय गार होता. मी स्वतःचे हात शेकोटीवर ऊबदार करून पाहिलं, मग गार करून पाहिलं. दोन्ही पाय सारखे. चालीत काही नाही. वळणावर काही नाही.

इथं एक सांगायला हवं. पुण्याकडे असताना मी एका घोड्याला असंच पास केलं होतं. त्याच्या पायातही मला काही सापडलं नव्हतं. बसणारा जॉकी म्हणत होता की आज याचं काहीतरी वेगळं आहे. काय वेगळं, ते त्याला सांगता येईना, आणि मला दिसेना. मी सही केली. तिसऱ्या उडीला त्या घोड्याचा पाय मोडला आणि त्याला शेवटचं इंजेक्शन मीच दिलं. त्यानंतर वर्षभरात मी ते काम सोडलं.

म्हणून पाखरीसमोर मी बराच वेळ उभी राहिले. दोष दाखवता येत नाही तर अडवायचं कशाच्या जोरावर? आणि केवळ माझ्या जुन्या भीतीपायी तिला घरी धाडणं बरोबर का? शेवटी मी म्हणाले, धावू द्या. निम्म्या वाटेवर सगळ्यांना थांबून तपासणी असतेच, तिथं मी तिचा पाय पुन्हा पाहीन.

दहा घोडे सुटले. बांधांवर माणसं उभी होती, पण कुणी वाटेत येत नव्हतं. चाबूक कुणाच्याच हातात नाही, तो इथं मुळात आणूच देत नाहीत. पहिल्या कडब्याच्या भिंतीशी तांबडा घोडा खरंच खायला थांबला. दोनतीनशे माणसं पोट धरून हसली, आणि त्याचा मालक सगळ्यांत जास्त. चांदोरीचा पांढरा दुसऱ्याच्या मागे राहून सगळ्या उड्या पार करत गेला. पाखरी तिसऱ्या उडीपासून पुढे होती. ती उडी मारताना दिसायची नाही. अलीकडे असायची आणि मग पलीकडे असायची.

निम्म्या वाटेवर नदीकाठी मी थांबले होते. नियम असा की घोड्याच्या छातीचे ठोके दहा मिनिटांत खाली आले नाहीत तर पुढे जाता येत नाही. पाखरीचे चार मिनिटांत आले. पाय पाहिला. घामानं ओला, गरम, पण दोन्ही सारखेच गरम. अर्चना घोडीच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. मी मान हलवली, ती चढली आणि गेली. दोन घोडे मात्र तिथंच थांबले. तांबडा त्यातला एक.

मी जीपमधून शेवटाकडे निघाले. शेवटचा टप्पा गावाकडे चढतो, आणि बांधावरून सगळं दिसतं. पाखरी पुढे होती. मागचा घोडा दोन शेतं लांब, आणि तो भुऱ्या होता. समोरच्या चारीनंतर फक्त दोन उड्या राहिलेल्या : एक बांध, एक बांबूचं कुंपण. लोक आधीच टाळ्या वाजवायला लागले होते. नाना बांधाच्या कडेला उभे राहून हात हलवत काहीतरी ओरडत होते, वाऱ्यात ते ऐकू येत नव्हतं.

पाखरीनं चारी ओलांडली. पलीकडे टेकली, दहा-बारा पावलं धावली. आणि अर्चनानं लगाम ओढला. घोडी थांबली. अर्चना खाली उतरली, खोगिराचा पट्टा सैल केला आणि घोडीला धरून कडेला उभी राहिली.

भुऱ्या डोकं खाली घालून त्यांच्या शेजारून गेला. बांध चढला, कुंपणावरून गेला आणि जिंकला. टाळ्या वाजल्या, पण अर्ध्या माना मागे वळलेल्या होत्या.

मी लुगडं खोचून धावले. आदल्या दिवशी तपासणी केली होती तेवढीच पुन्हा केली. पाय तसाच दिसत होता.

‘काय झालं?’ मी विचारलं.

‘काय झालं नाय, मॅडम,’ अर्चना म्हणाली. ‘टेकल्यावर तिनं डावा पाय थोडा लवकर उचलला. मला वर बसून कळलं. लंगडत नाय. पण तिचं तिला कळलंय काहीतरी.’

मी तिला म्हणाले, मला काहीच दिसत नाहीये. ती म्हणाली, ‘नसंल दिसत. आम्ही चालत येतो.’

शेवटचा दीड किलोमीटर ती घोडीला धरून चालत आली. मी सोबत चालले. पटांगणात पोहोचलो तेव्हा पंगत बसली होती. भाऊसाहेब उठले, मग दगाजीआप्पा उष्ट्या हातानंच उठले, आणि मग सगळी पंगत उभी राहिली. कुणी घोषणा दिली नाही. घोडी झाडाखाली बांधून होईपर्यंत लोक तसेच उभे होते, मग खाली बसून वरणबट्टी खायला लागले.

माझ्या चुकलेल्या अंदाजाबद्दल मी दगाजीआप्पांची माफी मागितली. त्यांनी भुऱ्याच्या जड डोक्याकडे बोट दाखवलं आणि हसले. डोकं जड आहे हे खरंच होतं.

सोमवार : येवला

माझी परतीची गाडी मनमाडहून होती. वाटेत येवल्याला उतरले. लासलगावकडे निघालेल्या कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत आमची गाडी तासभर अडकली, आणि त्या तासात मला एकच काळजी होती.

पाखरी अंगणात उभी होती. डाव्या पायाला, बरोबर त्याच जागी, रात्रीतून केळ्यासारखी सूज आली होती. मी हळू दाबून पाहिलं. नसेचे काही धागे ताणले गेले होते, तुटले नव्हते. चार-पाच महिने विश्रांती, मग हळूहळू चाल. ती पुन्हा धावेल. राहिलेल्या दोन उड्या तिनं मारल्या असत्या तर मात्र ती नस तुटली असती, आणि मग मला कोणता निर्णय द्यावा लागला असता, हे मी नानांना सांगितलं नाही. घोड्यात हयात घालवलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही.

मी पाय गुंडाळला, औषधं लिहून दिली. आतल्या खोलीत मागावर अर्चना बसली होती. सकाळचं काम राहिलं होतं. धोटा इकडून तिकडे जाण्याचा आणि फणी आपटण्याचा आवाज सारखा येत होता. मी दारातूनच तिला सगळं सांगितलं, पुण्याकडच्या घोड्याचंही. आणि म्हणाले, कालच्या तपासणीत तुझ्याएवढं मला कळलं नाही. तिनं ऐकलं, पण ती संकोचली. म्हणाली, तुम्ही चहा घ्या.

नाना ओट्यावर बसले होते. चहाचा कप त्यांनी खाली ठेवला आणि घोडीकडे पाहिलं.

‘डॉक्टरबाई,’ ते एकदम मोठ्यानं म्हणाले. मी तर त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. ‘काल मी बांधावरून काय वरडत व्हतो, ठावं हाय?’

मी नाही म्हणाले.

‘चल म्हणत व्हतो. थांबू नको, चल म्हणत व्हतो. पन्नास वर्सं घोडी हाकली मी. आन सुनेनं माझं ऐकलं नाय. ते लय बरं केलं तिनं.’

आतला माग थांबला.

पाखरीनं शेपटीनं एक माशी हाकलली. मग फणी एकदा आपटली, पुन्हा आपटली, आणि माग आधीसारखा चालू झाला.